हलक्या रानासाठी, थोड्या पाण्यासाठी : गलांडा



मुळा धरणाचा उजवा कालवा नेवासा तालुक्यात आला आणि सोनई परिसराच्या शेतीचे रूप पालटले. ऊस वाढला, सहकारी साखर कारखाना उभा राहिला, काळ्या रानात गहू आणि कांदा येऊ लागला. पण हा सगळा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. पाऊस थोडा आणि तोही बेभरवशाचा. धरण भरले नाही की आवर्तने कमी होतात. चारीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याला पाण्याची वाट पाहावी लागते आणि मार्च उजाडला की विहिरीचा तळ दिसू लागतो. अशा वेळी घरात रोजचा पैसा आणणारे, विहिरीच्या तासा-दोन तासांच्या पाण्यावर तग धरणारे एखादे पीक हाताशी असावे, असे प्रत्येकाला वाटते.

अशा परिस्थितीत विचारात घेण्याजोगे फूलपीक म्हणजे गलांडा, म्हणजेच गैलार्डिया. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) आणि पुणे जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना हे फूल नवे नाही. पिवळी, तांबडी, तपकिरी छटांची ही फुले हारात, तोरणात आणि मांडवाच्या सजावटीत सर्रास दिसतात. तरीही या पिकाची लागवड बऱ्याचदा चुकीच्या जागी होते. ‘कमी पाण्याचे पीक’ म्हणून ते लावायचे, पण लावायचे मात्र भारी काळ्या रानात, उसाच्या शेजारी, पाट सोडून! मग पावसाळ्यात झाडे उभी वाळतात आणि दोष बियाण्याला दिला जातो. या पिकाचा स्वभाव आधी समजून घेतला तर हे नुकसान टळते.

मूळ कोठले?

गलांडा हे सूर्यफुलाच्या कुळातले झाड. झेंडू, शेवंती, ॲस्टर (बिजली), करडई ही सारी त्याची भावंडे. आपल्या बांधावरचे गाजरगवतही याच कुळातले. गलांड्याचे मूळ घर अमेरिका खंड. तेथील माळरानात, रस्त्याच्या कडेला, वाळूमिश्रित जमिनीत तो आपोआप उगवतो. तेथील मूळ रहिवाशांना गोरे लोक ‘इंडियन’ म्हणत. त्यांच्या रंगीत घोंगड्यांसारखी ही फुले दिसतात म्हणून त्याला इंग्रजीत ‘इंडियन ब्लँकेट’ असे नाव पडले. गैलार्डिया हे शास्त्रीय नाव अठराव्या शतकातील गैलार्ड नावाच्या एका फ्रेंच न्यायाधिकाऱ्याच्या नावावरून दिलेले आहे. हे गृहस्थ वनस्पतिशास्त्राचे आश्रयदाते होते. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याने तर १९८६ साली गलांड्याला आपले राज्य रानफूल ठरविले.

हा इतिहास सांगण्याचे कारण आहे. जे झाड उघड्या माळावर, वाळूत, कडक उन्हात वाढले त्याला काय हवे आणि काय नको, हे त्याच्या घरावरूनच कळते. त्याला भरपूर ऊन हवे, मोकळी जमीन हवी आणि मुळाशी हवा खेळती हवी. पानांवरची बारीक लव आणि खोल जाणारी मुळे यांमुळे ते ताण सोसते. पण मुळाशी पाणी साचले की ते सोसत नाही. एक पाळी लांबली तर गलांडा कोमेजून पुन्हा उभा राहतो; चार दिवस पाण्यात उभा राहिला तर मात्र सहसा उठत नाही.

एकवर्षायू आणि बहुवर्षायू

गलांडा लावताना प्रकार समजून घेणे आवश्यक आहे.

(१) गैलार्डिया पुल्चेला : हा एकवर्षायू प्रकार. हारासाठी आपल्याकडे होणारी लागवड मुख्यत्वे याचीच. यात पुन्हा दोन गट आहेत. ‘पिक्टा’ गटात फुले मोठी व एकेरी असतात. ‘लोरेंझियाना’ गटात फुले दुहेरी, गेंदेदार असतात. हारासाठी दुहेरी फुले सोयीची, कारण ती भरगच्च दिसतात आणि ओवायला बरी पडतात.

(२) गैलार्डिया ॲरिस्टाटा : हा खरा बहुवर्षायू. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील गवताळ माळांवरचा. याची मुळे खोल जातात.

(३) गैलार्डिया ग्रँडिफ्लोरा : वरील दोहोंच्या संकरातून झालेला. फुले मोठी, देठ लांब. गॉब्लिन, बरगंडी, डॅझलर, मँडरिन अशा नावांच्या जाती याच गटातील. बागेत, कुंडीत आणि फुलदाणीसाठी याचा उपयोग होतो.

येथे एक सावधगिरीची सूचना. ‘बहुवर्षायू गलांडा, एकदा लावा आणि वर्षानुवर्षे फुले तोडा’ असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये. बहुवर्षायू गलांडाही अल्पायुषीच आहे. निचऱ्याच्या हलक्या जमिनीत तो साधारण दोन-तीन वर्षे टिकतो, भारी जमिनीत त्याहून लवकर जातो. शिवाय नावाजलेल्या संकरित जातीचे बी धरून लावल्यास त्यातून हुबेहूब तशी फुले मिळतीलच असे नाही. त्यासाठी जुन्या झाडाचे गड्डे विभागून किंवा मुळांचे तुकडे लावून वाढ करावी लागते. म्हणून बाजारासाठी शेतात दुहेरी एकवर्षायू गलांडा लावावा. बहुवर्षायू गलांडा अंगणात, विहिरीच्या कट्ट्याभोवती, शाळा व मंदिराच्या आवारात लावावा.

जमीन कशी निवडावी?

हलकी ते मध्यम, उत्तम निचऱ्याची जमीन या पिकास मानवते. मुरमाड उताराचा तुकडा, ओढ्याच्या वरच्या अंगाचे बरड रान, तांबूस पोयटा अशी जागा निवडावी. आपल्या शेतात काळ्या रानाच्या कडेला असा एखादा पाच-दहा गुंठ्यांचा तुकडा पडून असतोच. तेथे उसाला पाणी पुरत नाही, गव्हाची ओंबी भरत नाही. गलांड्यासाठी तोच तुकडा धरावा.

गलांडा थोडेफार क्षार सोसतो; समुद्रकाठच्या वाळूतही तो वाढतो. पण याचा अर्थ क्षारपड किंवा चोपण जमिनीत तो येईल असा मात्र नाही. वाळूतून पाणी निघून जाते, चोपण जमिनीत ते वर तुंबून राहते. कालव्याच्या पाण्याने पाणथळ झालेल्या रानात हे पीक घेऊ नये.

जमीन पाहण्याची एक सोपी रीत आहे. निवडलेल्या जागी हातभर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्यावा. तो पाण्याने भरावा. पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी काही तासांत जिरले तर जागा योग्य समजावी. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात पाणी दिसले तर ती जागा गलांड्याची नव्हे.

मध्यम काळी जमीनच उपलब्ध असेल तर सपाट वाफ्यात लागवड करू नये. उंच गादीवाफे किंवा रुंद वरंबे करून त्यावर रोपे लावावीत आणि पावसाचे पाणी बाहेर काढून देणारा चर शेताच्या खालच्या अंगाला लागवडीपूर्वीच काढून ठेवावा.

लागवडीचा हंगाम

आपल्या हवामानात गलांडा तिन्ही हंगामांत येतो. रोप लावल्यापासून सुमारे दोन ते अडीच महिन्यांत तोडणी सुरू होते आणि रोप तयार होण्यास चार ते पाच आठवडे लागतात. हा हिशेब मागे मोजत जाऊन पेरणीची तारीख ठरवावी.

खरीप : मे महिन्यात रोपवाटिका, जूनमध्ये लागवड. फुले गणपती ते दिवाळी या काळात मिळतात.

रब्बी : सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोपवाटिका, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागवड. फुले लग्नसराईच्या सुरुवातीपासून मिळतात.

उन्हाळी : जानेवारीत रोपवाटिका, फेब्रुवारीत लागवड. फुले एप्रिल अखेरपासून मिळतात.

दसरा-दिवाळीला बाजारात झेंडूचे राज्य असते. त्यावेळी गलांड्याने झेंडूशी बरोबरी करण्याचा प्रयत्न करू नये. गलांड्याचे बळ उन्हाळ्यात आहे. कडक उन्हात इतर फुलांची आवक घटते, पण लग्ने आणि गावोगावच्या यात्रा चालूच असतात. हा काळ साधायचा असेल तर फेब्रुवारीतील लागवडीवर भर द्यावा. मात्र मे अखेरपर्यंत विहिरीत निदान त्या तुकड्यापुरते पाणी राहील की नाही, हे गेल्या दोन-तीन वर्षांच्या अनुभवावरून आधी ठरवावे. गलांडा कमी पाण्याचे पीक आहे, बिनपाण्याचे नाही.

रोपवाटिका

तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि १५ ते २० सें.मी. उंच गादीवाफे करावेत. चांगले कुजलेले, चाळलेले शेणखत मातीत मिसळावे. त्यातच ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी पाकिटावरील सूचनेनुसार मिसळल्यास रोपांची मर आटोक्यात राहते. वाफ्याच्या रुंदीला समांतर, बोटभर अंतराने उथळ रेघा ओढून बी विरळ पेरावे.

गलांड्याचे बी खोल पडता कामा नये. त्याच्या उगवणीला उजेडाची मदत होते. म्हणून बियांवर चाळलेल्या शेणखताचा अगदी पातळ थर द्यावा आणि झारीने हलके पाणी द्यावे. सुमारे एक ते दोन आठवड्यांत उगवण पूर्ण होते. दाट झालेली रोपे उपटून विरळ करावीत. रोपांच्या ट्रेमध्ये कोकोपीट भरून बी लावल्यास बियाण्याची बचत होते आणि मुळे न दुखावता लागवड करता येते.

रोपवाटिकेतील तण काढताना लक्ष द्यावे. कोवळे गाजरगवत आणि गलांड्याचे रोप नवख्या माणसास सारखेच वाटते. गाजरगवताची पाने लवकरच फाटत जाऊन गाजराच्या पानासारखी होतात. गलांड्याचे पान लांबट, जाडसर आणि लवयुक्त असते.

घरचे बी धरायचे असल्यास रोगमुक्त, भरपूर फांद्यांच्या, दुहेरी फुलांच्या झाडांना आधीच खूण करून ठेवावी. त्यावरील फुले पूर्ण वाळल्यावर बी काढून सावलीत सुकवावे. परागीकरण मधमाश्या व इतर कीटक करतात, त्यामुळे शेजारी एकेरी फुलांची झाडे असतील तर बी मिसळीचे होते. एकेरी फुलांची झाडे फूल दिसताच उपटून टाकावीत.

लागवड

जमीन उभी-आडवी नांगरून, कुळवून भुसभुशीत करावी. गुंठ्याला सुमारे २०० किलो कुजलेले शेणखत शेवटच्या कुळवाच्या पाळीबरोबर मिसळावे. ६० सें.मी. अंतरावर सरी-वरंबे काढावेत. चार-पाच आठवड्यांची, चार ते सहा पानांची निरोगी रोपे वरंब्याच्या बगलेला, ४५ सें.मी. अंतरावर, सायंकाळच्या वेळी लावावीत. या अंतराने गुंठ्यात सुमारे ३७० रोपे बसतात; म्हणजे दहा गुंठ्यांना ३,७०० रोपे लागतात. नांग्या भरण्यासाठी आणखी चार-पाचशे रोपे हाताशी ठेवावीत.

रोप वाफ्यात होते तेवढ्याच खोलीवर लावावे. गड्डा मातीत गाडला गेला तर तेथे कूज सुरू होते. लागवडीबरोबर पाणी द्यावे, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचे हलके पाणी द्यावे आणि आठ-दहा दिवसांत नांग्या भराव्यात.

खतांचा वापर

खताची मात्रा माती परीक्षणाच्या अहवालावरूनच ठरवावी. अहवाल हाती नसल्यास मध्यम जमिनीसाठी हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश ही सर्वसाधारण मात्रा धरता येते. गुंठ्याच्या हिशेबाने लागवडीच्या वेळी सुमारे १.१ किलो युरिया, ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ०.८ किलो म्युरेट ऑफ पोटॅश द्यावे. एक महिन्याने आणखी १.१ किलो युरिया द्यावा. हलक्या जमिनीत हा दुसरा हप्ता दोनदा विभागून द्यावा.

यापेक्षा जास्त नत्र देण्याचा मोह टाळावा. उसाला टाकून उरलेली युरियाची गोणी गलांड्यावर रिकामी केली की झाड हिरवेगार माजते, फांद्या लोळतात, फुले उशिरा येतात आणि मावा वाढतो. झाड गर्द दिसले म्हणजे पीक चांगले आहे असे या पिकात समजू नये.

पाणी व्यवस्थापन

या पिकाचा नफा-तोटा येथेच ठरतो. पावसाळ्यात पाऊस असेपर्यंत पाणी देण्याची गरज नसते. फक्त मोठी उघडीप पडल्यास एखादी पाळी द्यावी. हिवाळ्यात ८ ते १० दिवसांनी व उन्हाळ्यात ५ ते ७ दिवसांनी पाळी पुरेशी होते. पण दिवस मोजून पाणी सोडण्यापेक्षा माती पाहून सोडावे. झाडाजवळची वीतभर खोलीची माती मुठीत दाबावी. लाडू वळत असेल तर पाणी देण्याची घाई करू नये. मूठ उघडताच माती सुटून पडत असेल तर पाणी द्यावे.

दुपारच्या उन्हात पाने थोडी मलूल दिसतात. तेवढ्यावरून पाणी सोडू नये. सकाळी सूर्य वर येण्यापूर्वी पाने मलूल असतील तर मात्र ताण पडला आहे असे समजावे. कळ्या लागल्यापासून पुढे ताण फार लांबवू नये; झाड मरत नाही, पण फूल लहान राहते आणि वजन घटते.

ठिबक संच असल्यास उत्तम. नसल्यास एक आड एक सरी भिजवावी आणि वरंब्याच्या टोकापर्यंत पाणी चढू देऊ नये. दोन ओळींत उसाचे पाचट, गव्हाचे काड किंवा वाळलेले गवत यांचे आच्छादन घातल्यास उन्हाळ्यात ओल टिकते. सोनई परिसरात पाचटाची वाण नाही; ते जाळण्यापेक्षा येथे वापरावे. मात्र आच्छादन झाडाच्या बुंध्यापासून चार बोटे दूर ठेवावे आणि पावसाळ्यापूर्वी बाजूला ओढावे.

आंतरमशागत

लागवडीनंतर सुमारे एक महिन्याने मुख्य शेंडा खुडावा. त्यामुळे पहिले फूल काही दिवस लांबते, पण बगलफुटी वाढून फुलांची संख्या वाढते. सणाची तारीख गाठायची असेल तर खुडणी आणि फूल यांतील हे अंतर हिशेबात धरावे. पहिल्या दोन महिन्यांत दोन-तीन खुरपण्या द्याव्यात. खुरपताना मुळे उघडी पडू देऊ नयेत, पण माती बुंध्याशी ढीग करून लावूही नये.

झाडावर वाळलेली फुले राहू देऊ नयेत. बी धरू लागले की झाडाची नव्या कळ्या काढण्याची ओढ कमी होते. पहिला भर ओसरल्यावर झाडाचा वरचा अर्धा भाग छाटून, हलके खत-पाणी दिल्यास पुन्हा फूट येऊन दुसरा बहार मिळू शकतो. बहुवर्षायू गलांडा हंगाम संपल्यावर जमिनीपासून वीतभर ठेवून छाटावा. त्यामुळे तळातून नवी फूट येते.

रोग व किडी

गलांडा तसा काटक आहे. तरीही पुढील बाबींकडे लक्ष ठेवावे.

मर व मूळकूज : सर्वांत मोठा शत्रू हाच, आणि तो पाण्याच्या निचऱ्याअभावी येतो. मेलेले झाड मुळासकट उपटून नष्ट करावे, त्या जागी लगेच दुसरे रोप लावू नये. पाणी कमी करून चर मोकळे करावेत. एकदा मर पसरल्यावर औषधाच्या आळवणीवर पैसे घालण्यापेक्षा निचरा सुधारणे अधिक उपयोगाचे ठरते. पुढील वर्षी जागा बदलावी.

भुरी : थंड, कोरड्या हवेत पानांवर पांढरी पूड दिसते. पाण्यात मिसळणारे गंधक (८० टक्के) १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम या प्रमाणात फवारावे. कडक उन्हात गंधक फवारू नये, पाने करपतात.

मावा, फुलकिडे व लाल कोळी : कांद्याच्या शेजारी गलांडा असल्यास कांदा काढणीनंतर फुलकिडे इकडे वळतात. निळे व पिवळे चिकट सापळे लावावेत. ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी. त्यासाठी ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी गाळून, थोडा साबणाचा चुरा मिसळून एकूण १०० लिटर द्रावण करावे. गलांड्यावर मधमाश्या दिवसभर येतात, म्हणून कोणतीही फवारणी सायंकाळी करावी. रासायनिक औषधाची गरज पडल्यास कृषी विज्ञान केंद्राच्या शिफारशीनेच वापरावे.

तुडतुडे : काही झाडांची फुले हिरवट, विचित्र आकाराची दिसू लागतात आणि झाड खुरटते. हा तुडतुड्यांमार्फत पसरणारा रोग आहे. त्यावर उपाय नाही. असे झाड दिसताच उपटून जाळावे. बांधावरील गाजरगवत व इतर तण काढून शिवार स्वच्छ ठेवावे.

तोडणी करणाऱ्यांची काळजी

गलांड्याच्या पानांतील व देठांतील घटकांमुळे काही जणांच्या त्वचेला खाज सुटते, पुरळ येते. ज्यांना गाजरगवताचा त्रास होतो त्यांनी विशेष जपावे, कारण दोन्ही झाडे एकाच कुळातील आहेत. गाजरगवताची आपल्याकडील पहिली नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली आणि आज ते नाही असे शिवार सापडत नाही; त्याने अंगावर पुरळ येणारी माणसेही गावोगावी आहेत. फुले तोडण्याचे काम मुख्यतः भगिनीच करतात. त्यांनी पूर्ण बाह्यांचा सदरा अंगावर चढवावा, हातमोजे वापरावेत, काम संपताच हात-तोंड साबणाने धुवावे. त्रास वाढल्यास तोडणी थांबवून डॉक्टरांना दाखवावे. घरच्या माणसाची कातडी सोलवटून मिळालेला पैसा फायद्याचा नव्हे.

काढणी व विक्री

फूल पूर्ण उमलून रंग भरला की तोडावे. तोडणी सकाळी दव ओसरल्यावर, ऊन तापण्यापूर्वी करावी. ओली फुले भरल्यास वाटेत काळी पडतात. तीन-चार दिवसांच्या अंतराने तोडा करावा. फुले सावलीत पातळ पसरून, एकेरी व कोमेजलेली फुले वेगळी काढून, बांबूच्या करंडीत किंवा स्वच्छ गोणपाटात सैल भरावीत.

विक्रीचा विचार लागवडीपूर्वीच करावा. शनिशिंगणापूर सोनईच्या अगदी शेजारी आहे, तेथे गर्दी असते, म्हणजे फुले खपतीलच, असा हिशेब पुष्कळजण मांडतात. पण शनिदेवाला भाविक तेल, रुईच्या पानांची माळ, उडीद वाहतात. गलांड्याला तेथे गिऱ्हाईक आहे ते मुख्यत्वे सजावटीचे आणि हारवाल्यांचे. म्हणून दुकानदारांना प्रत्यक्ष भेटून, आठवड्याला किती किलो आणि कोणत्या रंगाची फुले लागतात हे विचारावे. नेवासे, घोडेगाव, राहुरी येथील हारवाले, मांडववाले आणि अहिल्यानगरचा फुलबाजार यांचीही चौकशी करावी. पुणे-मुंबईचा बाजार मोठा आहे, पण दूरचा आहे. थोडा माल तेथे पाठविणे गाडीभाड्यात परवडत नाही. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एकत्र माल पाठवला तरच ते जमते.

हिशेब कसा करावा, ते एका उदाहरणाने पाहू. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. आपापले आकडे घालावेत. समजा एका तोड्यात ६० किलो फुले निघाली. तोडणीची मजुरी किलोला ८ रुपये, वाहतूक ३ रुपये, गोणपाट व हमाली १ रुपया, म्हणजे किलोमागे १२ रुपये खर्च. पट्टीत होणारी कपात १० टक्के धरू.

भाव ३० रुपये मिळाला तर पट्टी १,८०० रुपयांची. त्यातून कपात १८० आणि खर्च ७२० वजा जाता ९०० रुपये उरतात. भाव १२ रुपये मिळाला तर पट्टी ७२० रुपयांची. कपात ७२ आणि खर्च ७२० वजा केल्यास खिशातले ७२ रुपये जातात. या उदाहरणात सुमारे १३ रुपये ३३ पैशांच्या खाली भाव गेला की तोडलेला प्रत्येक किलो तोट्यात जातो. आपला असा ‘तळचा भाव’ प्रत्येकाने वहीत लिहून ठेवावा. बाजार त्याखाली गेला तर बाजाराला माल न पाठवता जवळचे गिऱ्हाईक पाहावे, नाहीतर झाडे छाटून पुढच्या बहाराची तयारी करावी.

फूल हा नाशवंत माल आहे. कांदा चाळीत ठेवता येतो, ऊस कारखान्याची तोड येईपर्यंत उभा राहतो. गलांडा दोन दिवसही थांबत नाही. म्हणून सारे क्षेत्र एकदम लावू नये. दहा गुंठे लावायचे असतील तर तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत लावावे. म्हणजे माल एकदम येत नाही, घरच्या माणसांवर तोडणी निभावते आणि भाव पडला तरी सगळे पीक एकदम सापडत नाही.

सुरुवात कशी करावी?

पहिल्या वर्षी पाच गुंठ्यांपेक्षा जास्त लागवड करू नये. खड्ड्यात पाणी भरून निचरा तपासावा, मातीचा नमुना परीक्षणाला द्यावा, दोन हारवाल्यांशी बोलावे आणि मगच बी आणावे. लागवडीच्या अडचणींसाठी दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ येथे रोगट झाड मुळासकट, ओल्या फडक्यात गुंडाळून न्यावे. नुसते पान पाहून मुळाचा रोग ओळखता येत नाही.

गलांडा उसाची जागा घेणार नाही आणि कांद्याच्या चांगल्या वर्षाची बरोबरीही करणार नाही. पण चारीला पाणी नाही आणि विहिरीचा तासभराचा पंप चालतो, अशा उन्हाळ्यात पाच गुंठ्यांचा हा तुकडा आठवड्याला दोन वेळा घरात रोख पैसा आणू शकतो. त्यासाठी आपले चांगले रान त्याला देण्याची गरज नाही. पडून असलेला मुरमाड तुकडा द्यावा, मोजके पाणी द्यावे आणि तळचा भाव वहीत लिहून ठेवावा.